‘वेबसाइटवर अर्ज करा’: आंतरराष्ट्रीय विकास क्षेत्राच्या करिअर मेळाव्याला जाण्याआधी आणि गेल्यावर

संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था यांचे स्टॉल असलेल्या करिअर मेळाव्याला पहिल्यांदा गेलेला उमेदवार संध्याकाळी बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ एक कापडी पिशवी असते, चार पेनं असतात, मोबाइलमध्ये क्यूआर कोडचे फोटो असतात आणि डोक्यात प्रत्येक टेबलावर ऐकलेलं एकच वाक्य असतं: ‘वेबसाइटवर अर्ज करा.’ मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून (टीस) किंवा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून नुकतंच एमए झालेला मुलगा असो, की कर्ज काढून ससेक्सला नाहीतर लंडनला मास्टर्स करायला गेलेली मुलगी असो, दोघांची गत सारखीच. हा मेळावा नोकऱ्या देण्यासाठी भरतच नाही. संस्थेचं नाव लोकांपर्यंत पोहोचवणं, विद्यापीठाच्या अहवालात ‘इतक्या संस्था आल्या’ असं लिहिता येणं, आयोजकाला स्टॉलचं भाडं मिळणं ही त्याची खरी कामं. उमेदवाराने हे गृहीत धरून जायचं आणि आपल्या उपयोगाचं जे थोडं तिथे असतं तेवढं उचलून निघायचं. ते कसं, ते पुढे.

टेबलामागे कोण बसलेलं असतं

बहुतेक वेळा मनुष्यबळ विभागातली किंवा प्रसिद्धी विभागातली व्यक्ती, नाहीतर त्याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. नेमणुकीचा अधिकार यांच्यापैकी कोणाकडेच नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात प्रत्येक पदाची वेगळी जाहिरात निघते, तिला क्रमांक असतो, अर्ज ‘इन्स्पिरा’ पोर्टलवरच भरावा लागतो. मग छाननी, लेखी चाचणी आणि वागणुकीतली उदाहरणं विचारणारी मुलाखत. या सगळ्याची सूत्रं त्या पदाच्या हायरिंग मॅनेजरकडे असतात आणि तो मेळाव्याला आलेला नसतो. टेबलावरच्या माणसाला तुम्ही कितीही आवडलात तरी तुमचा सीव्ही तो मध्येच ढकलू शकत नाही. त्यामुळे ‘वेबसाइटवर अर्ज करा’ हे त्याचं उत्तर तुम्हाला टाळण्यासाठी नसतं. नियमाने त्याला दुसरं काही सांगताच येत नाही.

देणगीदार देशांच्या पैशावर प्रकल्प राबवणाऱ्या सल्लागार कंपन्यांच्या टेबलावर नेमकं उलट घडतं. तिथे सीव्ही हसतमुखाने घेतात, कधीकधी मागूनही घेतात. कारण निविदा भरताना त्यांना ठरावीक पात्रतेची माणसं कागदावर दाखवावी लागतात. निविदा जिंकली तर काम, हरली तर काही नाही, आणि हरल्याचं कोणी कळवतही नाही. काही निविदांत उमेदवाराकडून ‘या निविदेसाठी मी फक्त तुमच्याच बाजूने आहे’ असं सही केलेलं पत्र घेतात. एकाच निविदेसाठी दोन कंपन्यांना असं पत्र दिलं तर दोन्हीकडून नाव बाद होऊ शकतं. म्हणून सही करण्याआधी निविदेचं नाव, देणगीदार कोण आणि निकाल कधी अपेक्षित आहे एवढं विचारून लिहून ठेवा.

स्वयंसेवी संस्थांचा हिशोब आणखी वेगळा. अनुदान मंजूर झालं की पद निर्माण होतं आणि मग माणूस लगेच हवा असतो. मेळाव्याच्या दिवशी नेमकं पद रिकामं असेल हा योगायोग समजायचा. भारतात परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर एफसीआरए या परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली. मोठ्या संस्थेने पैसे आणायचे आणि गावपातळीवरच्या छोट्या संस्थांनी त्यातून माणसं नेमायची, ही जुनी वाट त्यामुळे अरुंद झाली आहे.

त्यात सध्याचा काळ. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड या तिच्या मदतसंस्थेचं उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ब्रिटनने मदतीचं प्रमाण २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांतही ‘यूएन८०’ नावाखाली काटकसर सुरू झाली. नोकरी गेलेले आठ-दहा वर्षांच्या अनुभवाचे लोक आता दोन वर्षांच्या अनुभवाच्या जागांना अर्ज करतात. काही संस्थांनी स्टॉल आधीच बुक केलेला असतो आणि नोकरभरती मात्र गोठवलेली असते. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारलं तर सांगतात.

जाण्याआधी: हा मेळावा आपल्या कामाचा आहे का?

सर्वात जास्त वेळ इथे घालवा. नोंदणी करण्याआधी अर्धा तास काढून सहभागी संस्थांची यादी उघडा. यादीच नसेल, नुसते ‘नामांकित आंतरराष्ट्रीय संस्था’ असे शब्द असतील, तर विषय संपला. यादी असेल तर प्रत्येक संस्थेच्या भरतीच्या पानावर जा आणि तीन गोष्टी तपासा: गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तुमच्या अनुभवाच्या पातळीची एकतरी जाहिरात निघाली का, त्या जागेला तुमचा पासपोर्ट चालतो का, आणि कामाचं ठिकाण कुठलं. जाहिरातीचा क्रमांक वहीत उतरवून घ्या, पुढे कामाला येतो. आमच्या मते अशा निदान तीन संस्था सापडल्या नाहीत तर रेल्वेचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. पुण्याहून दिल्लीला जाऊन-येऊन, राहून होणाऱ्या खर्चात फ्रेंचच्या एखाद्या लेव्हलच्या फीचा बराच भाग भागतो (फ्रेंच कशाला, ते शेवटी).

पासपोर्टची बाब नवख्यांना उशिरा कळते आणि सर्वात जास्त निराशा तिथूनच येते. मेळाव्यात ज्यांचे सुंदर फलक लावलेले असतात त्यातले अनेक मार्ग भारतीय नागरिकाला पूर्ण खुले नसतात.

संयुक्त राष्ट्रांच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामची परीक्षा फक्त त्या वर्षीच्या यादीतल्या देशांच्या नागरिकांसाठी असते. सचिवालयात ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे असे देश त्या यादीत येतात आणि यादी दरवर्षी बदलते. वयाची अट ३२ वर्षांपर्यंत. आधी यादीत भारत आहे का ते बघायचं, तयारी त्यानंतर. ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर अर्थात जेपीओ या पदाचे पैसे एखादं सरकार देतं, त्यामुळे ती जागा बहुधा त्याच देशाच्या नागरिकाला मिळते. जर्मनीच्या जेपीओ जागेबद्दल टेबलावर वीस मिनिटं चौकशी करून शेवटी ‘यू आर इंडियन?’ असं ऐकणारे दरवर्षी असतात. सचिवालयाची इंटर्नशिप सगळ्यांना खुली आहे, पण बिनपगारी. न्यूयॉर्क नाहीतर जिनिव्हाचं घरभाडं आपलं आपण भरायचं. युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यूएनडीपी इंटर्नला भत्ता देतात.

भारतीयाला खरोखर खुल्या असलेल्या दोन दारांची जाहिरात मात्र कमी होते. पहिलं, नॅशनल ऑफिसर म्हणजे एनओ-ए, एनओ-बी अशी पदं. ही त्या-त्या देशाच्या नागरिकांसाठीच राखीव असतात, म्हणजे भारतातल्या कार्यालयातल्या या जागांसाठी तुमची स्पर्धा भारतीयांशीच. दुसरं, संयुक्त राष्ट्रांचे राष्ट्रीय स्वयंसेवक, यूएनव्ही. ‘स्वयंसेवक’ शब्दाने फसू नका. हे पूर्ण वेळ काम असतं आणि दरमहा राहणीमान भत्ता मिळतो. १८ ते २६ वयोगटासाठी युथ हा वेगळा प्रकार आहे, २७ च्या पुढे तीन वर्षांच्या अनुभवावर स्पेशालिस्ट. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय ‘प्रोफेशनल’ श्रेणीतल्या पी-२ पदासाठी मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, पी-३ साठी पाच वर्षं, पी-४ साठी सात. ती वर्षं भरून काढायला हीच दारं उपयोगी पडतात.

ब्रिटनमध्ये शिकत असाल तर पासपोर्टची जागा व्हिसा घेतो. पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार आहे, पीएचडीवाले सोडून. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा तर जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे, नव्याने कामाला लागणाऱ्यांना सवलतीत ३३,४००. धर्मादाय संस्थांतल्या सुरुवातीच्या कित्येक जागांचा पगार याच्या खाली असतो. मग ‘आम्ही स्पॉन्सर करत नाही’ हे वाक्य येतं, आणि त्यात टेबलावरच्या बाईंचा काही दोष नसतो. स्पॉन्सर परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येते. मेळाव्यातल्या संस्थांची नावं त्या यादीत आदल्या रात्री शोधा आणि नाव नसलेलं टेबल गाळा.

आता पैसे मागणारे कार्यक्रम. ‘तुमची युवा प्रतिनिधी म्हणून निवड झाली आहे’ असा मेल येतो, परदेशातल्या कुठल्याशा परिषदेचं नाव असतं, फलकावर निळ्या रंगातलं जगाच्या नकाशाचं चिन्ह असतं आणि खाली नोंदणी शुल्क डॉलरमध्ये. यातले बहुतेक खासगी कार्यक्रम असतात आणि त्यांच्या प्रमाणपत्राला भरतीच्या छाननीत किंमत नसते. हौसेने फिरायला जायचं असेल तर खुशाल जा, नोकरीच्या खर्चात तो धरू नका. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत: अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणाला नाही, व्हिसाच्या कागदांनाही नाही. कोणी मागितले की तो माणूस भामटा आहे, एवढं पुरे.

आदल्या दिवशीची तयारी

सीव्ही दोन पानांचा, प्रती फार तर पाच. लग्नपत्रिकेसारखे सीव्ही वाटत सुटू नका. संध्याकाळी ते एकाच पिशवीत जातात आणि पिशवी ऑफिसच्या कपाटात. खरी मेहनत तीन-चार वाक्यांवर घ्यायची. नवखा माणूस टेबलावर हमखास असं बोलतो: ‘मला ग्रामीण विकासाची खूप आवड आहे आणि मी कम्युनिटी मोबिलायझेशनमध्ये काम केलंय.’ हे वाक्य समोरच्याने त्या दिवशी साठ वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी हे बघा:

‘लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या चौदा गावांत महिला बचत गटांबरोबर अठरा महिने काम केलं. कर्जफेडीची नोंद वहीतून मोबाइल ॲपवर आणली. तीन गावांत ते फसलं, कारण गटाच्या सचिवांकडे स्वतःचा फोन नव्हता, घरातल्या पुरुषाचा होता. आता देखरेख आणि मूल्यमापनातलं दोन वर्षांच्या अनुभवाचं काम शोधतेय.’

यात ठिकाण आहे, आकडा आहे, काय बिघडलं आणि का ते आहे, आणि पुढे काय हवंय तेही आहे. फसल्याचा भाग गाळू नका. देखरेख-मूल्यमापनाचं काम करणाऱ्याच्या कानाला तोच भाग खरा वाटतो आणि पुढचा प्रश्न तिथूनच निघतो. ‘उमेद’, ‘ग्रामसंघ’, ‘प्रभाग संघ’, ‘सीआरपी’ (कम्युनिटी रिसोर्स पर्सन) हे शब्द मुंबईत चालतात. लंडनमध्ये ‘राज्याचं ग्रामीण उपजीविका अभियान’ आणि ‘गटांचा गावपातळीवरचा संघ’ अशी फोड इंग्रजीत तयार ठेवा, नाहीतर अर्धा वेळ शब्द समजावण्यात जाईल. ही वाक्यं आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. तीस सेकंदांच्या वर गेली तर कापा.

ज्या तीन-चार टेबलांवर जायचंय त्यांच्यासाठी प्रत्येकी एकच प्रश्न लिहून न्या. वार्षिक अहवालातून, नाहीतर उतरवून घेतलेल्या जाहिरातीतून तो निघतो.

प्रत्यक्ष तिथे

उघडल्या-उघडल्या पोहोचा. पहिल्या पाऊण तासात टेबलावरची माणसं ताजी असतात आणि रांग नसते. जेवणाच्या सुट्टीनंतर येणाऱ्याला तीच माणसं यंत्रासारखं पत्रक पुढे करतात. शेवटचा अर्धा तासही बरा, आवराआवर करताना लोक मोकळेपणाने बोलतात. मधला वेळ सर्वात वाईट.

सर्वात मोठी रांग संयुक्त राष्ट्रांच्या टेबलापुढे असते. तिथे शेवटी जा, किंवा जाऊच नका. ते जे सांगतील ते सगळं छापील आहे. ज्यांचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय त्या मधल्या आकाराच्या संस्थेपुढे दोनच माणसं उभी असतात आणि बसलेली व्यक्ती कधीकधी कार्यक्रम विभागातली असते. फलकावरच्या नावापेक्षा गळ्यातल्या ओळखपत्रावरचा हुद्दा वाचायची सवय लावा. ‘प्रोग्रॅम’, ‘रिसर्च’, ‘एमईएल’ (देखरेख, मूल्यमापन आणि त्यातून शिकणं) असं काही दिसलं की थांबा. ‘कम्युनिकेशन्स’ दिसलं तर पत्रक घ्या आणि पुढे सरका.

‘काही व्हेकन्सी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर एकच, तुम्हाला ठाऊक असलेलं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर वेबसाइटवर नाही आणि समोरच्याला देता येण्यासारखं आहे. उदाहरणार्थ: ‘तुमच्या दिल्ली ऑफिसच्या या जाहिरातीत निकालाधारित देखरेखीचा अनुभव मागितलाय. तालुका पातळीवरची एमआयएस (व्यवस्थापन माहिती प्रणाली) सांभाळल्याचा अनुभव त्यात धरतात का?’ किंवा ‘गेल्या वर्षी या विभागात जे नवीन लोक आले ते आधी कुठे काम करत होते?’ हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. उत्तर ‘बहुतेक कन्सल्टंट म्हणून आधीपासून आमच्याकडेच होते’ असं आलं, की बाहेरून अर्ज करण्यात किती दम आहे ते समजलं. आणि तिसरा, थेट: ‘सध्या भरती थांबलेली आहे का?’ हा विचारताना संकोच नको. भरती थांबली असेल तर समोरचा माणूस हायसं वाटून मोकळा बोलायला लागतो.

एका टेबलावर चार-पाच मिनिटं. मागे रांग असेल तर दोन. निघताना ‘याबद्दल कोणाशी बोलू?’ असं विचारा आणि नाव मिळालं तर तिथेच वहीत लिहा. नंतर आठवत नाही. दिल्ली-मुंबईत ‘सर’, ‘मॅडम’ चालतं. ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या नावाने हाक मारायची. तिथे ‘सर’ ऐकून समोरचा अवघडतो.

चर्चासत्र असेल तर त्याचा लोभ ठेवू नका. मंचावरचे ज्येष्ठ लोक विसेक वर्षांपूर्वी या क्षेत्रात आले, तेव्हाची वाट आता तशी नाही. त्यांचं ‘चिकाटी ठेवा, दार उघडतं’ खोटं नसतं, पण तुमच्या उपयोगाचं नसतं. मंचाच्या कडेला लॅपटॉप सांभाळणारी, माइक फिरवणारी जी कनिष्ठ मंडळी असतात ती तुमच्याहून दोन-तीन वर्षांनीच पुढे असतात. चहाच्या वेळी त्यांना गाठा. पहिली नोकरी कोणत्या पोर्टलवर दिसली, लेखी चाचणीत काय आलं, करार किती महिन्यांचा मिळाला, हे त्यांना अजून आठवत असतं.

तासाभरात एकही नाव किंवा नवी माहिती वहीत उतरली नसेल तर निघा. ‘आलोच आहोत तर’ म्हणून संध्याकाळपर्यंत रेंगाळणं हा या मेळाव्यांतला सर्वात महागडा खर्च आहे. घरी जाऊन एक अर्ज नीट भरला तर दिवस वसूल होतो.

पुढचे दोन दिवस

मेल ४८ तासांच्या आत जायला हवा, नाहीतर तुम्ही ‘त्या दिवशी भेटलेल्यांपैकी कोणीतरी’ होता. मेल इंग्रजीत जाईल, पण सांगाडा असा: पहिल्या ओळीत कुठे भेटलो आणि काय बोलणं झालं, इतकं नेमकं की माणसाला चेहरा आठवावा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत त्यांनी सांगितलेलं तुम्ही काय केलं: ‘तुम्ही म्हणालात तो अहवाल वाचला, त्यातला कर्जफेडीच्या नोंदींचा भाग माझ्या अनुभवाशी जुळतो.’ चौथ्या ओळीत एकच प्रश्न, दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा. संपलं. सीव्ही मागितला नसेल तर जोडू नका. ‘कृपया माझा विचार करावा’ हे तर लिहूच नका, कारण विचार करणं त्यांच्या हातात नाही हे आपण वर पाहिलं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एक आठवण, मग बंद.

एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, व्यक्ती आणि हुद्दा, संस्था, काय कळलं, पुढचं पाऊल, ते कधी. ‘काय कळलं’ हा रकाना सलग दोन मेळाव्यांत रिकामा राहिला तर तिसऱ्याला जाऊ नका. व्हॉट्सॲपच्या ‘यूएन जॉब्स’ ग्रुपांतून येणाऱ्या जाहिराती या शीटमध्ये घालण्याआधी मूळ पोर्टलवर क्रमांक टाकून खऱ्या आहेत का बघा. मुदत उलटून गेलेल्या आणि शब्द बदललेल्या जाहिराती तिथे फिरत असतात.

तोच वेळ जास्त कामी कुठे येतो

ज्यांना माणसं नेमायची असतात ते लोक करिअर मेळाव्याला जात नाहीत, पण कामाच्या बैठकांना जातात. एखाद्या अभ्यासाचा अहवाल प्रकाशित होतो, प्रकल्पाच्या निष्कर्षांवर कार्यशाळा होते, मसुद्यावर सूचना मागवायला बैठक होते. पुण्यात यशदात, मुंबईत टीसमध्ये असे कार्यक्रम होतात आणि त्यातले कित्येक खुले असतात. संस्थांच्या मेलिंग लिस्टवर नाव घातलं की निमंत्रणं येतात. तिथे खोलीत चाळीस माणसं असतात, त्यातली बरीच प्रकल्प चालवणारी, आणि तुम्ही नोकरी मागायला आलात असं कोणी धरत नाही. अहवाल आधी वाचून गेलात आणि पान क्रमांकासकट एक प्रश्न विचारलात तर चहाच्या वेळी कोणीतरी आपणहून ‘तुम्ही कुठे असता?’ विचारतं. मेळाव्यातल्या दहा टेबलांवर हे घडत नाही.

दुसरी जागा जागतिक बँकेच्या प्रकल्पांची पानं. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या: नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, याला बँकेने २०१८ मध्ये कर्ज मंजूर केलं, शेतकरी उत्पादक कंपन्यांबरोबर काम करणाऱ्या ‘स्मार्ट’ प्रकल्पाला २०१९ च्या अखेरीस. अशा प्रत्येक प्रकल्पाचं बँकेच्या संकेतस्थळावर स्वतंत्र पान असतं. त्यावर मंजुरीचा दस्तऐवज, प्रगती अहवाल, खरेदीचा आराखडा आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या टास्क टीम लीडरचं नाव, सगळं उघड असतं. खरेदीचा आराखडा उघडून ‘सल्लागार सेवा’ हा भाग वाचा. मूल्यमापनाचं, प्रशिक्षणाचं, आधारभूत सर्वेक्षणाचं कंत्राट कधी निघणार ते त्यात महिन्यासह असतं. कंत्राट ज्या कंपनीला मिळतं ती कंपनी मग जिल्ह्याजिल्ह्यात माणसं शोधते आणि मराठीत मुलाखत घेता येणारा, शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा माणूस तिला हवाच असतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बँकेचा प्रकल्प म्हणजे बँकेची नोकरी नव्हे. माणसं नेमतो राज्य सरकारचा प्रकल्प व्यवस्थापन कक्ष नाहीतर सल्लागार कंपनी, आणि करार त्यांच्याशी होतो. पण सीव्हीवर बँकेच्या निकषांनी चाललेल्या प्रकल्पाचा अनुभव चढतो, आणि पुढच्या अर्जात छाननी करणारा नेमकं तेच शोधत असतो. मेळाव्यातल्या बँकेच्या टेबलावर हा मार्ग कोणी सांगत नाही, कारण त्या टेबलाचा याच्याशी संबंधच नसतो.

जाहिरातींसाठी रोज पन्नास पोर्टल बघू नका. भारतातल्या जागांसाठी डेव्हनेटजॉब्ज इंडिया, मानवतावादी कामासाठी संयुक्त राष्ट्रांचं रिलीफवेब, आणि तुम्ही निवडलेल्या पाच-सहा संस्थांची स्वतःची पानं. आठवड्यातून दोन ठरावीक दिवस, प्रत्येकी तासभर.

भाषेचा विषय मेळाव्यात कोणी काढत नाही, पण छाननीत तिचा रकाना असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच जागांना कामापुरती फ्रेंच लागते. मुंबई-पुण्यात अलियॉन्स फ्राँसेझमध्ये बी-२ या वरच्या मध्यम पातळीपर्यंत जायला नोकरी सांभाळून दोन वर्षं सहज जातात, म्हणून शोध सुरू केला त्याच महिन्यात नाव घाला.

आणि शेवटी कॅलेंडर. जागतिक बँकेचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. तिथला अल्पमुदतीचा सल्लागार, एसटीसी, एका आर्थिक वर्षात १५० दिवसांपर्यंतच काम करू शकतो, त्यामुळे जुलैत दिवसांची मोजणी आणि बजेट दोन्ही नव्याने सुरू होतात. टास्क टीम लीडरला लिहायचं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा टाळा, तेव्हा वर्षअखेरीच्या बिलांची गडबड असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लिहा: प्रकल्पाचं नाव, प्रगती अहवालातला एक मुद्दा, त्याच विषयात तुम्ही कुठल्या तालुक्यात काय केलं ते दोन ओळींत, आणि त्या वर्षात क्षेत्रकामाला मराठी जाणणारं माणूस लागणार आहे का, एवढाच प्रश्न.